१६ ऑक्टोबरच्या गाडीआधीचे सूर

गिडेऑन क्लाइन या तरुण पियानोवादकाने आपल्या ‘स्ट्रिंग ट्रिओ’चा अखेरचा स्वर कागदावर उतरवला, तो दिवस होता ७ ऑक्टोबर १९४४. त्याचे वय तेव्हा २४ वर्षांचे होते. बरोबर नऊ दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, त्याला ऑशवित्झकडे निघालेल्या रेल्वेगाडीत चढवण्यात आले. त्याच गाडीत पावेल हास, विक्टर उलमान आणि हान्स क्रासा हे आणखी तीन संगीतरचनाकार होते. ऑशवित्झला पोहोचल्यावर एक-दोन दिवसांतच या तिघांचा विषारी वायूच्या कोठड्यांत अंत झाला. क्लाइन तरुण आणि काम करण्याजोगा म्हणून फ्युर्स्टेनग्रुबे येथील कोळसा खाणीच्या छावणीत पाठवला गेला आणि जानेवारी १९४५ अखेरीस तेथेच मरण पावला. चेक संगीताची एक संपूर्ण फळी एका गाडीत बसवून संपवली गेली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

हे चौघे ज्या गावातून निघाले, त्याचे नाव तेरेझीन. प्रागच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर असलेली ही तटबंदीची वसाहत अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसरा जोसेफ याने उभारली आणि तिला आपली आई मारिया तेरेसा हिचे नाव दिले. नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझींनी तिचे ज्यूंच्या बंदिवासात रूपांतर केले. पूर्वी जेथे जेमतेम सात हजार माणसे राहत, तेथे सप्टेंबर १९४२ मध्ये जवळपास ५८ हजार कैदी कोंबलेले होते. एकूण सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंना येथे आणण्यात आले. त्यांपैकी सुमारे ३३ हजार लोक भूक, रोगराई आणि दाटीवाटीने येथेच दगावले, तर सुमारे ८८ हजार लोकांना पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे धाडण्यात आले. तेरेझीनमध्ये वायूच्या कोठड्या नव्हत्या. ती मधल्या थांब्याची जागा होती, आणि थांबा किती दिवसांचा हे कोणालाच ठाऊक नसे.

अशा ठिकाणी संगीत निर्माण झाले, एवढे सांगून बहुतेक लेख थांबतात. कोणते संगीत निर्माण झाले आणि तेच का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तेरेझीनमध्ये ऑपेरा झाले, समूहगायन झाले, कॅबरेदेखील झाले. तरीही रचनाकारांचे सर्वांत खोल काम ज्या प्रकारात दिसते, त्यात चेंबर म्युझिकचे स्थान फार वरचे आहे.

चेंबर म्युझिक म्हणजे मूळ अर्थाने दिवाणखान्यातले संगीत. सिंफनीसाठी साठ-सत्तर वादक आणि त्यांना हाकणारा कंडक्टर लागतो. येथे तीन, चार किंवा पाच वादक पुरतात आणि कंडक्टर नसतोच. प्रत्येक ओळ एकच वादक वाजवतो, त्यामुळे कोणालाही गर्दीत लपता येत नाही. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो म्हणजे ‘स्ट्रिंग क्वार्टेट’. त्यातले एक व्हायोलिन वगळले की ‘ट्रिओ’. आपल्याकडच्या घरगुती बैठकीशी या प्रकाराचे नाते जोडता येईल. समोरासमोर बसून, एकमेकांचा श्वास ओळखून वाजवणे दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच की येथे उपजेला वाव नाही. सारे आधी लिहिलेले असते.

तेरेझीनच्या बंदिवासात या प्रकाराला एक कोरडे व्यावहारिक कारणही होते. कैद्यांना ५० किलोपर्यंत सामान आणण्याची मुभा होती आणि वाद्ये जवळ बाळगण्यास सुरुवातीला बंदी होती. तरीही काहींनी व्हायोलिनसारखी वाद्ये सामानात दडवून आणली. पहिल्या काही बैठका माळ्यांवर आणि बराकींच्या कोपऱ्यांत चोरून झाल्या. पुढे १९४२ मध्ये ‘फावल्या वेळेच्या कार्यक्रमां’चा एक विभागच कैद्यांच्या स्वयंशासनात उभा राहिला आणि नाझींनी त्याकडे काणाडोळा केला. मरायला निघालेली माणसे गाण्यात गुंतलेली असली तर बंदोबस्ताला बरे, असा त्यामागचा हिशेब होता. मात्र कोणताही वाद्यवृंद टिकणे अवघड होते. पूर्वेकडे गाडी निघाली की वादक गळत. साठ जणांचा मेळ एका रात्रीत मोडतो. तिघांचा मेळ पुन्हा जुळवता येतो. ट्रिओ आणि क्वार्टेट तेथे टिकण्याचे हे एक साधे कारण आहे.

क्लाइनच्या बाबतीत ही चाल तेरेझीनच्या आधीच सुरू झाली होती. मोरावियातील प्शेरोव या गावी ६ डिसेंबर १९१९ रोजी जन्मलेला हा मुलगा प्रागच्या संगीत विद्यालयात शिकला. जर्मनांनी प्राग ताब्यात घेतल्यावर ज्यूंना सार्वजनिक कार्यक्रम वर्ज्य झाले, तेव्हा तो ‘कारेल व्ह्रानेक’ हे टोपणनाव घेऊन वाजवू लागला. तेही अशक्य झाल्यावर लोकांच्या घरांत छोट्या मैफली होऊ लागल्या. ‘दिवाणखान्यातले संगीत’ हा शब्द तेव्हा पुन्हा शब्दशः खरा झाला. १९४० मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली होती. पण देश सोडण्याची वाट तोपर्यंत बंद झालेली होती. डिसेंबर १९४१ मध्ये, २२ वर्षांचा होण्याच्या सुमारास, तो तेरेझीनला पोहोचला.

त्याच्या ट्रिओचे तीन भाग आहेत. पहिला आणि तिसरा भाग आखूड, चपळ, मोरावियन लोकनृत्याच्या ठेक्यावर चालणारा. मधला संथ भाग या दोहोंच्या बेरजेहून मोठा आहे आणि खरी वस्ती तेथे आहे. त्यात मोरावियातील एक लोकगीत घेऊन त्यावर बदल रचलेले आहेत. क्नेझदुब गावच्या उंच मनोऱ्याविषयीचे हे गीत चेक माणसाच्या ओठांवरचे. क्लाइन ते प्रथम साधेपणाने मांडतो. नंतरच्या प्रत्येक फेरीत ते जरा अधिक अनोळखी होत जाते. मध्येच चेलो एकटा पडतो, बोलल्यासारखा काही सांगू पाहतो आणि पुन्हा दोघांत मिसळतो. सारी रचना तेरा-चौदा मिनिटांची. ती लिहीत असताना गाड्या सुरू झालेल्या होत्या. २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर १९४४ या एका महिन्यात अकरा गाड्यांतून १८ हजारांहून अधिक माणसे तेरेझीनहून ऑशवित्झला गेली. असे असूनही शेवटच्या भागात नृत्य आहे. त्याला धैर्य म्हणावे की उपरोध, यावर ऐकणाऱ्यांचे एकमत होत नाही, आणि तसे होण्याची गरजही नाही.

उलमान वयाने मोठा आणि प्रकृतीने निराळा. १ जानेवारी १८९८ रोजी टेशेन येथे जन्मलेल्या उलमानने व्हिएन्नात आर्नोल्ड शोनबर्गकडे शिक्षण घेतले. त्याच्या आईवडिलांनी त्याच्या जन्मापूर्वीच कॅथलिक धर्म स्वीकारला होता. वंशाचे कोष्टक मांडणाऱ्यांना त्याने काही फरक पडला नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये तेरेझीनला आल्यानंतरच्या दोन वर्षांत त्याने जितके लिहिले, तितके त्याआधी क्वचितच लिहिले असेल. ‘अटलांटिसचा सम्राट’ हा ऑपेरा, तीन पियानो सोनाटा, अनेक गीते आणि तिसरा स्ट्रिंग क्वार्टेट ही त्यातली ठळक नावे. शिवाय बंदिवासातल्या मैफलींची परीक्षणेही तो लिहीत असे. त्यांतली २६ उपलब्ध आहेत आणि ती अजिबात मवाळ नाहीत. ताल चुकला तर चुकला असे तो लिहितो. उपाशी वादकाला दयेचे गुण देणे त्याला मान्य नव्हते.

जानेवारी १९४३ मध्ये पूर्ण झालेला त्याचा तिसरा क्वार्टेट न थांबता सलग वाजतो. आरंभीची सुरावट इतकी मृदू आहे की ती जुन्या व्हिएन्नातल्या एखाद्या संध्याकाळची वाटावी. पुढे एक तापट, टोचणारा भाग येतो. त्यानंतरच्या संथ भागात शोनबर्गच्या बारा स्वरांच्या पद्धतीची छाया दिसते. आणि अखेरीस आरंभीची तीच मृदू सुरावट ताठ मानेने परत येते. उलमानचे पहिले दोन क्वार्टेट हरवले आहेत. त्यामुळे या तिसऱ्याला पूर्वपरंपरा नाही. तो एकटाच उभा आहे. तेरेझीनने आपल्या संगीताला अडसर घातला नाही, उलट चालना दिली, असा विचार उलमानने तेथे लिहिलेल्या एका निबंधात मांडला आहे. आपण नुसते रडत बसलो नाही, जगण्याइतकीच संस्कृतीचीही इच्छा धरली, असा त्याचा आशय. हे विधान आज जगभरच्या मैफलींच्या पत्रिकांवर छापले जाते.

पण त्यासोबत दुसरी साक्षही ऐकायला हवी. शिमॉन लाक्स हा वॉर्सात जन्मलेला आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेला ज्यू रचनाकार ऑशवित्झ-बिर्केनाऊच्या कैद्यांच्या वाद्यवृंदाचा कंडक्टर होता. सकाळी मजूर कामावर निघताना आणि संध्याकाळी परत येताना या वृंदाला मार्च वाजवावे लागत. लाक्स वाचला आणि १९४५ मध्येच त्याने पोलिश लोकसुरावटींवर आधारित तिसरा स्ट्रिंग क्वार्टेट लिहिला. त्यात छावणीचा मागमूसही नाही. आठवणींच्या पुस्तकात मात्र त्याने बजावले की संगीताने कैद्यांचे मनोबल वाढले वगैरे बोलण्यात अर्थ नाही; त्याने कित्येकांचे खच्चीकरणच केले. उलमान आणि लाक्स यांच्यात खोटे कोणीच बोलत नाही. तेरेझीनमध्ये संगीत कैद्यांनी स्वतः निवडले होते, बिर्केनाऊत ते हुकुमाने वाजत होते. ‘संगीत माणसाला तारते’ असे सरसकट वाक्य लिहिण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

तेरेझीनमध्येही हुकूम नव्हता असे नाही. २३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी पाहणीला आले, तेव्हा गाव रंगवून सजवण्यात आले होते. गर्दी कमी दिसावी म्हणून हजारो लोकांना आधीच ऑशवित्झला धाडण्यात आले होते. पाहुण्यांना ‘ब्रुंडिबार’ हा क्रासाचा बालऑपेरा दाखवण्यात आला. पाहणी यशस्वी ठरल्यावर त्याच उन्हाळ्यात एक प्रचारपट चित्रित झाला. त्यात कारेल आन्चेर्लच्या नेतृत्वाखाली पावेल हासची तंतुवाद्यांसाठीची ‘स्टडी’ ही रचना वाजताना दिसते. वादकांना काळे कपडे उसने देण्यात आले आणि त्यांची लाकडी पादत्राणे कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून समोर फुलांच्या कुंड्या मांडण्यात आल्या. रचना संपल्यावर हास उठून अभिवादन करतो, हेही चित्रणात आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच १६ ऑक्टोबरची गाडी निघाली.

हास हा यानाचेकचा शिष्य. ब्रनो येथे १८९९ मध्ये जन्मला. ‘माकडांच्या डोंगरातून’ असे खट्याळ नाव असलेल्या १९२५ सालच्या त्याच्या दुसऱ्या क्वार्टेटच्या शेवटच्या भागात चार तंतुवाद्यांच्या जोडीला चक्क जाझची तालवाद्ये आहेत. तेव्हाच्या श्रोत्यांना ते पचले नाही. १९३९ साली लिहिलेली ओबो आणि पियानोसाठीची त्याची रचना याहून गंभीर आहे. ती मूळ गायनासाठी योजलेली होती. जर्मन राजवट आल्यावर शब्द काढून टाकणे भाग पडले, पण ओबोच्या ओळीत सेंट व्हेन्स्लासचे जुने चेक स्तोत्र तसेच राहिले. शब्द पकडता येतात, सुरावट पकडणे पोलिसांना अवघड जाते. पत्नी आणि मुलगी वाचावी म्हणून हासने पत्नीशी कायदेशीर घटस्फोट घेतला आणि तो एकटा तेरेझीनला आला. तेथे त्याने लिहिणे सोडून दिले होते. क्लाइनने हाताने पंचरेषा आखलेले कागद त्याच्यासमोर ठेवले आणि त्याला पुन्हा लिहिते केले, असे सांगितले जाते. क्लाइन त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होता.

क्रासाचे नाव बहुतेकांना ‘ब्रुंडिबार’मुळे ठाऊक असते. तेरेझीनमध्ये मुलांनी त्याचे ५५ प्रयोग केले. मात्र त्याची शेवटची रचना मुलांसाठी नाही. १९४४ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण झालेली ही ‘पासाकालिया आणि फ्यूग’ व्हायोलिन, व्हिओला आणि चेलोसाठी आहे. पासाकालिया समजायला आपल्या श्रोत्याला अडचण पडू नये. स्वतंत्र तबलावादनात लेहरा जसा अखंड फिरत राहतो, तशी खालच्या पट्टीतली एक ओळ येथे फिरत राहते आणि वरचे वादक तिच्यावर नवे नवे काही रचत जातात. लेहरा आधार देतो; क्रासाची ओळ मात्र हळूहळू फास आवळत जाते. मध्येच एक वॉल्ट्झ डोकावतो, पण तो तोंड वेडावणारा. त्याच सुमाराच्या ‘तानेत्स’ म्हणजे ‘नृत्य’ या ट्रिओत अनेकांना रेल्वेच्या चाकांचा ठेका ऐकू येतो.

हे कागद वाचले कसे, हीही स्वतंत्र कथाच आहे. गाडीत बसण्यापूर्वी उलमानने आपली हस्तलिखिते तेरेझीनच्या ग्रंथालयाचे प्रमुख एमिल उटित्झ यांच्याकडे ठेवली. उटित्झ वाचले. युद्धानंतर त्यांनी ती उलमानचे मित्र आणि लेखक एच. जी. आडलर यांच्याकडे सोपवली. आज ती स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील पाउल झाखर प्रतिष्ठानात आहेत. क्लाइनचे तेरेझीनमधील कागद एका मैत्रिणीच्या हाती राहिले आणि युद्धानंतर ते त्याची बहीण एलिश्का हिच्याकडे पोहोचले. एलिश्का स्वतः पियानोवादक. छावण्यांतून जिवंत परतलेली. त्याच्या तेरेझीनपूर्वीच्या रचना असलेली एक कुलूपबंद सूटकेस तर थेट १९९० मध्ये सापडली. हासची ‘स्टडी’ वाचली ती आन्चेर्लमुळे. ऑशवित्झमधून सुटल्यावर त्याने तिचे वादकांचे सुटे कागद शोधून काढले. डबल बासचे कागद मिळाले नाहीत, ते पुढे नव्याने बांधावे लागले.

वाचलेले कागदही पुढची तीस-चाळीस वर्षे जवळपास मुकेच राहिले. १९४८ नंतरच्या कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात ज्यू हौतात्म्याचा विषय सोयीचा नव्हता. पश्चिमेकडे नव्या रचनाकारांना युद्धपूर्व सारेच जुनाट वाटत होते. ‘अटलांटिसचा सम्राट’ रंगमंचावर आला तो १९७५ च्या डिसेंबरात, ॲम्स्टरडॅम येथे. खरी लाट आली १९९० नंतर. बोस्टनच्या हॉथॉर्न स्ट्रिंग क्वार्टेटची ध्वनिमुद्रणे, ‘अधोगत संगीत’ या नाझींच्याच शिवीला शीर्षक करून डेक्का कंपनीने काढलेली मालिका आणि २००२ मध्ये प्रागमध्ये स्थापन झालेला पावेल हास क्वार्टेट हे तिचे टप्पे. या क्वार्टेटच्या पहिल्याच तबकडीत यानाचेक आणि हास शेजारी-शेजारी होते. २००७ मध्ये तिला ‘ग्रामोफोन’ पुरस्कार मिळाला. गुरूच्या शेजारी बसवलेला शिष्य तेथे कोठेही कमी पडत नाही. स्मरणसभेपेक्षा अशा शेजाराने हासचे अधिक भले केले आहे.

याच प्रागच्या परिसरातला एक धागा मुंबईपर्यंत येतो. कार्ल्सबाड येथे १९०७ मध्ये जन्मलेला वॉल्टर कॉफमन बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर या ज्यू वंशाच्या रचनाकाराकडे शिकला आणि नंतर प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्र शिकत होता. आपला मार्गदर्शक प्राध्यापक नाझी समर्थक असल्याचे कळल्यावर त्याने डॉक्टरेट नाकारली. १९३४ मध्ये तो मुंबईत उतरला. थोड्याच दिवसांत त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिच्या बैठका होत आणि त्यांत व्हायोलिनवर झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता असत. पुढे तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख झाला. आकाशवाणीची ओळखधून त्याचीच मानली जाते. तिच्यात शिवरंजनीची छटा आहे. ही धून मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली, रचनाकाराचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. १९४६ मध्ये त्याने भारत सोडला आणि अखेरीस अमेरिकेत स्थिरावला. १९८४ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. मुंबईत लिहिलेले त्याचे क्वार्टेट आणि सोनाटा जगाने नीट ऐकले ते २०२० मध्ये, टोरांटोच्या ‘एआरसी’ या वादकसमूहाने ते ध्वनिमुद्रित केल्यानंतर. कॉफमन वाचला, त्याचे कागदही वाचले, तरी त्यालाही ८० वर्षे थांबावे लागले. विस्मरणाला वायूच्या कोठडीचीच गरज असते असे नाही.

या रचना कशा ऐकाव्यात, हा प्रश्न वादकांतही वादाचा आहे. चौघांच्या चार रचना एका संध्याकाळी, मागे छायाचित्रे आणि मध्ये निवेदन अशी ‘होलोकॉस्ट मैफल’ बांधण्याची प्रथा रूढ झाली आहे. श्रोता हळवा होतो, पण घरी जाताना त्याला उलमान आणि क्रासा यांच्यातला फरक सांगता येत नाही. ज्यांनी त्यांना मारले त्यांच्या लेखी हे सारे एकाच गाडीतले, एकाच जमातीचे होते. निदान सभागृहात तरी त्यांना वेगवेगळे ऐकले जावे, ही अपेक्षा फार नाही. क्लाइन बार्टोकच्या शेजारी आणि उलमान शोनबर्गच्या शेजारी ठेवून पाहिला की कान लगेच जागा होतो.

क्लाइनची आणखी एक रचना आहे: व्हायोलिन आणि चेलोसाठीचे ‘दुओ’. तेरेझीनला जाण्यापूर्वी त्याने ते लिहायला घेतले होते. पहिला भाग पूर्ण आहे. दुसरा संथ भाग सुरू होतो, दोन्ही वाद्ये एकमेकांत गुंतू लागतात आणि लिहिलेले स्वर अचानक संपतात. ते वाजवणारे कित्येक वादक पुढे काही जोडत नाहीत. जेथे कागद संपतो तेथे ते गज उचलतात आणि काही क्षण तसेच बसून राहतात. टाळ्या केव्हा वाजवायच्या, हे तेव्हा सभागृहात कोणालाच कळत नाही.